88 विरुद्ध 47 : मनगटातल्या एका हाडाचा हिशेब

जूनमध्ये एका रात्री साडेदहाला भातकुलीहून मावसभावाचा फोटो आला. कुठल्यातरी पीडीएफमधल्या तक्त्याचा स्क्रीनशॉट, त्यात दोन आकड्यांभोवती लाल गोल. 88 आणि 47. खाली लिहिलेलं, "ताई, शंभरातले 47 च जुळते म्हणते. मंग अमरावतीले कायले करा ऑपरेशन?"

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माहीत आहे की मी डॉक्टर नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता हाडातली पोकळी भरायच्या कॅल्शियम फॉस्फेटच्या सिरॅमिकवर पीएच.डी. करते आहे. घरच्यांना एवढंच कळतं की "ते हाडाचं शिकते". त्यामुळे गुडघा, कंबर, मान, सगळ्यांचे एक्सरे माझ्याकडे येतात आणि मी सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवते. यावेळी मात्र प्रश्न एक्सरेचा नव्हता, शोधनिबंधातल्या आकड्याचा होता. तो वाचणं माझं काम आहे. म्हणून मूळ लेख काढून बसले, मग त्याच्या आधीचे, मग नंतरचे. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते.

आधी हाड कोणतं ते बघू. अंगठा ताठ वर करा. मनगटाजवळ अंगठ्याच्या बुडाशी दोन शिरांमध्ये एक खळगा पडतो. जुन्या काळी लोक त्यात तपकीर ठेवून ओढायचे. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं, काजूएवढं आणि साधारण काजूच्याच आकाराचं हाड असतं. हात टेकून पडलं की मनगटातलं बहुतेक हेच मोडतं, आणि मोडतं ते बहुतेक तरण्या पोरांचं. आमचा पोट्टा गणपतीतल्या कबड्डीत पडला. दुसऱ्या दिवशी एक्सरे काढला, त्यात काही दिसलं नाही. हे अगदी नेहमीचं आहे. या हाडाची चीर पहिल्या एक्सरेत दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, म्हणून खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर प्लास्टर घालून दोनेक आठवड्यांनी परत बघायचं किंवा एमआरआय करायचा, असं पुस्तकात असतं. त्याला क्रेप बँडेज मिळालं. मावशी म्हणाली, "हाड मोडलं असतं त हात असा सुजला असता ना बाप्पा, हे त मुरगळलं हाये." मग तेल, मालिश, हळदीचा लेप. महिनाभरात दुखणं कमी झालं आणि विषय संपला.

तो संपलेला नाही हे कळलं पोलीस भरतीच्या तयारीत. पुशअप मारताना तळहात टेकला की कळ. गोळा उचलला की कळ. मुलांच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 15 गुण गोळाफेकीला असतात, आणि तो उजव्या हाताने फेकतो. दहा महिन्यांनी पुन्हा एक्सरे, मग सीटी, मग एमआरआय. हाड मधोमध मोडलेलं, न जुळलेलं, आणि कोपराकडच्या तुकड्याला रक्त कमी.

इथे थोडं थांबते, कारण पुढचं सगळं भांडण या रक्तावरून आहे. गेलबरमन आणि मेनन यांनी 1980 मध्ये मृत व्यक्तींच्या हातातल्या रक्तवाहिन्यांत रंग भरून या हाडाला रक्त कुठून येतं ते पाहिलं. हाडाच्या आतला 70 ते 80 टक्के भाग, आणि कोपराकडचं अख्खं टोक, मनगटाच्या पाठीकडून शिरणाऱ्या बारीक फांद्यांवर जगतो. या फांद्या शिरतात बोटांच्या बाजूला आणि रक्त जातं उलटं, कोपराकडे. कालव्याचं पाणी आठवा. वरच्या शेतांना आधी मिळतं, टेलवरच्याला सगळ्यात शेवटी. आणि मध्ये कुठे कालवा फुटला तर वरच्याचं काही बिघडत नाही, टेलवरचा मरतो. स्कॅफॉइड कमरेत मोडलं की कोपराकडचा तुकडा हा टेलवरचा शेतकरी.

अशा न जुळलेल्या हाडाचं ऑपरेशन म्हणजे थोडक्यात हे. मधला मेलेला, चिवट झालेला भाग खरवडून काढायचा, तिथे रुग्णाचंच दुसरीकडचं हाड भरायचं आणि दोन्ही तुकडे आवळून धरायचे. भरायच्या हाडाची कल्पना मात्तीने 1937 मध्ये मांडली, रुसेने 1960 मध्ये ती सुधारली. आवळायला ऑस्ट्रेलियाच्या टिमोथी हर्बर्टचा स्क्रू आला, त्यावरचा लेख 1984 चा. त्याला डोकंच नाही. दोन्ही टोकांना आटे, पण दोन्हींचं अंतर वेगळं, त्यामुळे पिळताना दोन तुकडे आपोआप एकमेकांवर दाबले जातात आणि स्क्रू पूर्ण हाडाच्या आत गाडला जातो. (मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात हा स्क्रू सर्वात देखणा वाटतो, पण ते असो.)

भांडण आहे ते भरायच्या हाडावर. एक प्रकार साधा. कमरेच्या किंवा मनगटाजवळच्या मोठ्या हाडाचा तुकडा काढून बसवायचा. त्याला स्वतःचं रक्त नसतं, आजूबाजूचं जिवंत हाड हळूहळू त्यात शिरतं. दुसरा प्रकार म्हणजे रक्तवाहिनीसकट तुकडा उचलायचा, जसं रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून लावतात. तो मनगटाच्याच पाठीकडून वळवून आणता येतो, किंवा गुडघ्याजवळून काढून, त्याची शीर सूक्ष्मदर्शकाखाली मनगटातल्या शिरेला शिवता येते. साधं ऑपरेशन अमरावतीत होऊ शकत होतं. गुडघ्यावालं करायचं तर मायक्रोसर्जरीची टीम असलेलं मोठं शहर, कितीतरी जास्त खर्च आणि मावशीचा जीव टांगणीला.

आता तो तक्ता. लेख आहे मेरेल, वुल्फ आणि स्लेड यांचा, 2002 चा, हाताच्या शस्त्रक्रियेच्या अमेरिकन नियतकालिकातला. त्यांनी 1,121 लेख चाळून 36 निवडले आणि त्यांतले रुग्ण एकत्र मोजले. कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटलेलं असेल तर रक्तवाहिनीसकट हाड भरल्यावर 88 टक्के जुळले, साधं हाड आणि स्क्रू वापरल्यावर 47 टक्के. या एका वाक्याने नंतर किती लेखांच्या प्रस्तावना लिहिल्या गेल्या ते मोजायला गेलात तर थकाल. पाठ्यपुस्तकात तेच, कॉन्फरन्सच्या स्लाइडवर तेच, आणि शेवटी भातकुलीच्या एका पोराच्या मोबाईलवर लाल गोल करून तेच.

माझा पहिला आक्षेप साधा आहे. 88 आणि 47 एकाच शर्यतीत धावलेले नाहीत. चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना हे ऑपरेशन, निम्म्यांना ते, असं कोणी केलं नव्हतं. एका शहरातल्या एका सर्जनने आपले रुग्ण छापले, दुसऱ्या देशातल्या दुसऱ्याने आपले, आणि या तिघांनी त्यांची बेरीज केली. बेरजेत चूक नाही. पण समजा अचलपूरच्या शाळेचा दहावीचा निकाल 88 टक्के आणि दर्यापूरच्या शाळेचा 47 टक्के लागला, तर यावरून अचलपूरला वापरलेलं गाईड चांगलं असं तुम्ही म्हणणार नाही. आधी विचाराल की पोरं कोणती होती, किती बसली आणि पेपर कोणी तपासले.

किती बसली याचंच बघा. मनगटाच्या पाठीकडून रक्तवाहिनीसकट हाड वळवून आणायची प्रसिद्ध पद्धत झायडेम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडली. रुग्ण 11, जुळले 11. शंभर टक्के! अशा वेळी आमच्याकडे एक ढोबळ नियम वापरतात, तो तुम्हालाही उपयोगी पडेल. इतक्या जणांत एकही अपयश नाही असं कोणी सांगितलं, तर 3 ला त्या संख्येने भागायचं. अपयशाचा खरा दर तेवढा असूनही तुम्हाला योगायोगाने एकही अपयश दिसलेलं नसणं शक्य असतं. 3 भागिले 11 म्हणजे 27 टक्के. लहान संख्येला हा नियम जरा जास्तच उत्तर देतो, पण अंदाज येतो. शंभर टक्के यशाच्या पोटात चारात एक अपयश सहज लपू शकतं.

आणि प्रत्यक्षात काय निघालं? ज्या वर्षी 88 चा आकडा छापून आला त्याच 2002 मध्ये, ब्रिटिश नियतकालिकात स्ट्रॉ आणि सहकाऱ्यांनी याच प्रकारच्या ऑपरेशनचे आपले 22 रुग्ण छापले. जुळले 6. ज्या 16 जणांचा तुकडा रक्ताविना होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हे ऑपरेशन मुद्दाम करायचं, त्यांतले जुळले फक्त 2. आपला निकाल इतका वाईट लागलेला असताना तो छापायला हिंमत लागते, त्याबद्दल मला या लोकांविषयी आदर आहे. 2006 मध्ये चँग आणि सहकाऱ्यांनी 48 रुग्ण दिले, त्यांत 34 जुळले, म्हणजे 71 टक्के. एकाच जातीचं ऑपरेशन, आणि उत्तर 100, 27 आणि 71. एवढा फरक ज्या गोष्टीत पडतो तिथे 88 ही सरासरी मला फारसं काही सांगत नाही. पूर्णा नदीची सरासरी खोली सांगून कोणाला ती ओलांडायला पाठवू नये.

गुडघ्यावाल्या ऑपरेशनच्या बाजूने जो लेख नेहमी पुढे केला जातो तो जोन्स आणि सहकाऱ्यांचा, 2008 चा. गुडघ्याजवळचं हाड वापरलेले 12 पैकी 12 जुळले, मनगटाच्या पाठीकडचं वापरलेले 10 पैकी 4. फरक मोठा आहे आणि तो नुसता योगायोग असणं अवघड, हे मी मान्य करते. पण हे रुग्ण कोण होते ते बघा. कोपराकडचा तुकडा रक्ताविना आणि शिवाय मनगटाची हाडं घसरून रचना कोसळलेली, असे. तिथेही चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूला रक्तवाहिनीसकटच हाड होतं. साधं हाड त्या तुलनेत नव्हतंच. म्हणजे मावसभावाचा प्रश्न या लेखाने विचारलेलाच नाही.

मग तो प्रश्न विचारणारं काही आहे का? पिंडर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये पुन्हा सगळं गोळा केलं. 48 लेख, 1,602 रुग्ण. रक्तवाहिनीसकट 92 टक्के, साधं 88 टक्के. 41 टक्क्यांची दरी 4 वर आली! अर्थात ही तुलना सगळ्या प्रकारच्या न जुळलेल्या हाडांची आहे, फक्त रक्ताविनाच्या तुकड्यांची नाही, त्यामुळे दोन दऱ्या थेट एकमेकींशेजारी ठेवता येत नाहीत. मीही मेरेलवर जो आरोप करते तोच इथे करायला हवा. बेरीज पुन्हा वेगवेगळ्या शाळांचीच आहे. पण त्यातली एक बारीक गोष्ट मला व्यवहाराची वाटली. साधं हाड कमरेतून काढा (87) की मनगटाजवळून (89), जुळण्यात फरक पडत नाही, पण हाड काढलेल्या जागेचा त्रास कमरेला जास्त होतो. म्हणजे साधं ऑपरेशन सुचलं तरी "डॉक्टरसाहेब, हाड कुठून घेणार?" हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आणि मग 2018 चा लेख सापडला. तो वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसले. न्यूयॉर्कच्या रॅन्सी आणि सहकाऱ्यांनी 35 रुग्ण घेतले. सगळ्यांना साधंच हाड आणि स्क्रू. ऑपरेशनच्या वेळी तुकड्यातून रक्त येतं का ते पाहिलं, एमआरआय पाहिला, हाडाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मग जुळलं की नाही ते सीटीवर ठरवलं. 35 पैकी 33 जुळले. लेखाच्या शीर्षकातच निष्कर्ष आहे की या ऑपरेशनचं यश त्या तुकड्याच्या रक्तपुरवठ्यावर अवलंबून नसतं. आता लेखकांची यादी शेवटपर्यंत वाचा. शेवटचं नाव वुल्फ. होय, 88 आणि 47 वाल्या लेखातलेच वुल्फ.

एखाद्याने सोळा वर्षांनी, आपल्याच नावाने गाजलेल्या आकड्याच्या उलट जाणारा लेख छापावा, हे मला संशोधनातलं खरं काम वाटतं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती जुना आकडा अजून तसाच उचलून पुढच्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात चिकटवणाऱ्यांबद्दल. आणि 35 हाही लहानच आकडा आहे, एकाच रुग्णालयाचा, अनुभवी हातांचा. त्यावरून "रक्ताचा काही संबंध नाही" असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की 47 या आकड्याच्या भीतीने कोणाला घर गहाण टाकून दूर पाठवावं, इतका तो आकडा भक्कम नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो सगळ्याच लेखांवर आहे, माझ्या आवडत्यांवरही. जुळलं म्हणजे काय? जुन्या लेखांत बहुतेक ते साध्या एक्सरेवर ठरवलेलं असतं. जोसेफ डायस आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्येच दाखवलं होतं की बारा आठवड्यांनंतरचा एक्सरे पाहून स्कॅफॉइड जुळलं की नाही यावर तपासणाऱ्यांचं आपसात एकमत होत नाही. तोच एक्सरे, एक म्हणतो जुळलं, दुसरा म्हणतो नाही. मग 1991 चे 11 आणि 2018 चे 33 एकाच मापाने मोजलेले नाहीत. धान्याचं माप बदललं तर पोती मोजून काय उपयोग?

आणि जे परत आलेच नाहीत त्यांचं काय? ऑपरेशन होतं, प्लास्टर निघतं, दुखणं कमी होतं, माणूस शेतात जातो. परत आला नाही म्हणून तो बरा झाला असं धरायचं, की हिशेबातून वगळायचं? बऱ्याच जुन्या लेखांत हे धड लिहिलेलंही नसतं.

"ऑपरेशन नाहीच केलं त?" हेही मावसभावाने विचारलं. याचं उत्तर म्हणून रुबी आणि सहकाऱ्यांचा 1985 चा लेख दाखवतात. इजा होऊन पाच किंवा जास्त वर्षं झालेल्यांपैकी 97 टक्के जणांच्या मनगटात झीज होती. हा आकडा घाबरवणारा आहे, पण यातही तीच मेख. दवाखान्यात येतो तो दुखतं म्हणून येतो. न जुळलेलं हाड घेऊन न दुखता जगणारे या मोजणीत आलेच नाहीत. तरी बाविसाव्या वर्षी, आत्ताच दुखणाऱ्या मनगटाच्या बाबतीत त्या भरवशावर राहा असं मी सांगू शकले नाही. उशीर होत जातो तशी जुळण्याची शक्यता कमी होत जाते, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

डायस यांचं नाव पुन्हा येतं ते 2020 मध्ये, लॅन्सेटमधल्या स्विफ्ट नावाच्या चाचणीत. इथे एकदाचं चिठ्ठ्या टाकून केलेलं काम मिळतं, पण ते ताज्या मोडीवर आहे. इंग्लंड आणि वेल्समधली 31 रुग्णालयं, 439 रुग्ण, तुकडे 2 मिलिमीटरपेक्षा जास्त न सरकलेले. निम्म्यांना लगेच स्क्रू, निम्म्यांना प्लास्टर. वर्षानंतर मनगटाच्या त्रासाचे गुण शंभरात 11.9 आणि 14.0, म्हणजे जवळपास सारखे. शस्त्रक्रियेशी निगडित गंभीर गुंतागुंत होऊ शकेल अशा घटना स्क्रूच्या गटात 14 टक्के, प्लास्टरच्या गटात 1. निष्कर्ष असा की आधी प्लास्टर घाला, आणि जुळत नाही अशी शंका आली तर खात्री करून लगेच ऑपरेशन करा.

चाचणी उत्तम आहे, माझ्या मते या विषयात सगळ्यात उत्तम. फक्त तो निष्कर्ष अर्धा वाचला जातो. "प्लास्टर पुरतं" हा पहिला अर्धा सगळ्यांना पाठ आहे. "शंका आली तर लगेच" या दुसऱ्या अर्ध्यासाठी रुग्णाला परत बोलावणारं कोणीतरी लागतं, सीटी लागतो, आणि ती तारीख पाळणं रुग्णाला परवडावं लागतं. तिकडे चाचणीपुरती ही व्यवस्था उभी केलेली होती. आपल्याकडे ती म्हणजे बहुतेक वेळा चिठ्ठीवर खरडलेलं "1 महिन्याने दाखवणे".

तर मी मावसभावाला फोनवर काय सांगितलं? कुठलं ऑपरेशन कर हे नाही सांगितलं, तो माझा अधिकार नाही. चार प्रश्न लिहून दिले. मनगटाची रचना कोसळली आहे का? ऑपरेशनच्या वेळी तुकड्यातून रक्त आलं नाही तर तुम्ही काय कराल? हाड कुठून घेणार? आणि जुळलं हे एक्सरेवर ठरवणार की सीटीवर? अमरावतीच्या डॉक्टरांनी चारही प्रश्नांची उत्तरं शांतपणे दिली, रचना अजून टिकून आहे असं सीटीवर बोट ठेवून दाखवलं, आणि पाचवी गोष्ट आपणहून सांगितली. बिडी-सिगारेट बंद, कारण धूम्रपान करणाऱ्यांची हाडं या ऑपरेशननंतर कमी जुळतात. हे ऐकताना तो मावशीकडे बघत नव्हता असं मला नंतर कळलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मनगटाजवळचंच हाड, एक स्क्रू. तुकड्यातून रक्ताचे थेंब आले, थोडेच, पण आले. पेरणीला यावर्षी माणूस लावावा लागला, त्यावरून मावसाजी अजून कुरकुरतात.

तीन महिन्यांनंतरच्या सीटीची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तेव्हाच सोयाबीनची सोंगणी. काल त्याचा मेसेज आला, "ताई, आता काहीच दुखत नाही. सीटी दिवाळीनंतर केला त चालते का?" मी लगेच फोन लावला. त्याने उचलला नाही, म्हणून मावशीला लावला.